शब्दशंका : आधी ओठ कुठे टेकतात ते बघा

गेल्या अंकात 'वाजंत्री' या शब्दाविषयी लिहिताना मी तुतारी, सनई आणि बासरी एकाच वाक्यात कोंबली होती. त्यावरून इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही. मी संगीतातली जाणकार नव्हे. एकतीस वर्षं ठाण्यात शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना चरईतल्या एका गुरुजींकडे बासरी शिकायला जाऊन बसले. वडील मात्र वाजवणारे होते. दिवसभर वागळे इस्टेटमध्ये लेथवर आणि लग्नसराईत संध्याकाळी बँडमध्ये क्लॅरिनेटवर. तेव्हा खालच्या उत्तरांत थोडं कोशातलं आहे आणि बरंचसं आमच्या घरातलं.

नातवाला जत्रेतून बासरी घेतली. तो ती सरळ तोंडात धरून वाजवतो. शेजारच्या मुलीच्या क्लासमधल्या बाई म्हणाल्या, ही बासरीच नव्हे. मग हे काय आहे? आणि बासरी, मुरली, वेणू, पावा, अलगूज ही सगळी एकाच वाद्याची नावं का?
— एक आजी, ऐरोली

आजी, क्लासच्या बाईंचं बरोबर आहे, पण म्हणून नातवाच्या हातातून ते काढून घेऊ नका. त्याचं नाव अलगूज. त्याचं टोक चोचीसारखं तासलेलं असतं. चोचीत लाकडाची खुंटी ठोकून एक बारीक फट ठेवतात आणि फटीच्या जरा पुढे, वरच्या अंगाला, चौकोनी खिडकी कापतात. फुंकलेली हवा फटीतून निघते आणि खिडकीच्या धारेवर आपटते. हवा नेमकी कुठे न्यायची ते खुंटीने ठरवून टाकलेलं असल्यामुळे पोराला नुसतं फुंकायचंच काम उरतं. म्हणून ते घरी पोचायच्या आत वाजायला लागतं आणि घरच्यांचं डोकं उठवतं.

बासरीत खुंटी नाही. ते काम आपल्या ओठांनी करायचं. नळी आडवी धरून खालचा ओठ भोकाच्या अलीकडच्या काठाला टेकवायचा आणि हवेची चपटी पट्टी पलीकडच्या काठावर अशी सोडायची की निम्मी आत जाईल, निम्मी बाहेर. सांगायला सोपं आहे. मला पहिले अकरा दिवस नुसतं 'फुस्स' मिळालं, वर चक्कर आली ती वेगळीच. बाराव्या दिवशी गुरुजींनी बासरी खाली ठेवायला लावली, आतून सोड्याची रिकामी बाटली आणून दिली आणि म्हणाले, "बाई, हिच्या तोंडावरून फुंका." तिसऱ्या फुंकीला बाटली 'घूं' करून बोलली. "हाच तो काठ. आता तो बासरीवर शोधा."

तेव्हापासून माझा एक नियम झाला आहे. फुंकायच्या वाद्याचं नाव विचारण्याआधी ओठ कुठे टेकतात ते बघायचं. पुढच्या बहुतेक पत्रांना मी हीच किल्ली लावणार आहे.

आता नावं. वेणू म्हणजे मुळात बांबूच. त्याचाच आपल्याकडे वेळू झाला. वंश म्हणजेही बांबू. कुळाला वंश म्हणतात ते याच्यावरूनच, पेरावर पेर चढावं तशी पिढीवर पिढी. पाठीच्या कण्याला पृष्ठवंश म्हणतात, तिथेही मणक्यांची पेरं आहेतच. या वंशापासून मराठीत आला तो छपराचा वासा, घर फिरलं की फिरणारा. आता गंमत बघा. वाशात 'व' आहे आणि बासरीत 'ब'. संस्कृतातला 'व' मराठीत सहसा 'व'च राहतो, हिंदीत मात्र त्याचा 'ब' होतो. आपली वीज ती त्यांची बिजली, आपला विंचू तो त्यांचा बिच्छू, आपले वीस ते त्यांचे बीस. त्यामुळे बासरी हा शब्द उत्तरेकडून, बाँसुरीच्या वाटेने आपल्याकडे आला असावा असा माझा कयास आहे. वासा घरातच वाढला, बासरी पाहुणी म्हणून आली आणि राहिली.

मुरली आणि वेणू ही देवाकडची नावं. मुरलीधर म्हणतात, वेणुगोपाळ म्हणतात, बासरीधर कुणी म्हणत नाही. पावा गुराख्याचा. कवींनी ही तिन्ही नावं वृत्तात बसतील तशी वापरली आहेत, तेव्हा कवितेतला पावा आडवा होता की उभा याचा शोध घेत बसू नये. कृष्ण चित्रात आडवी धरतो, एवढं पुरे. आणि खंडोबाच्या मुरळीला या रांगेत उभं करू नका. तिचा 'ळ' आहे आणि तिच्या हातात घोळ असते, बासरी नसते.

आमच्या गावी परसात बांबूचं बेट आहे. त्याची बासरी का होत नाही? दुकानदार आसामचाच बांबू लागतो म्हणतात. हे खरं की धंद्याची भाषा?
— वाचक, घणसोली

खरं आहे, आणि मी ते स्वतःच्या स्वयंपाकघरात सिद्ध केलं आहे.

बांबूच्या दोन गाठींमधल्या भागाला पेर म्हणतात, काही ठिकाणी कांडं. बासरी एकाच पेरातून निघते. मध्ये गाठ आली तर आतला पडदा फोडावा लागतो आणि नळी आतून सारखी राहत नाही. म्हणजे पेर लांब हवं, सरळ हवं आणि मुख्य म्हणजे सालीची जाडी कमी हवी. आसामकडच्या बांबूत हे तिन्ही गुण एकत्र मिळतात. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्या बनवणाऱ्यांचं जुनं गाव, पण तिथले कारागीरसुद्धा बांबू आसामातूनच आणतात. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी बासरी शास्त्रीय मैफलीत बसवली ती तिची लांबी वाढवून, जवळपास बत्तीस इंचांपर्यंत. मंद्र सप्तक म्हणजे खालचे, खर्जातले स्वर गाता यावेत म्हणून. आता बत्तीस इंचांचं एक सरळ पेर परसातल्या बेटात शोधून बघा.

माझं सासर सिंधुदुर्गातलं. तिकडे होतो तो माणगा. मांडवाला, शिडीला, काठीला एक नंबर, कारण तो जवळजवळ भरीव असतो. नेमकी हीच गोष्ट मी विसरले. दोन हातांचा तुकडा एसटीच्या टपावरून ठाण्याला आणला, लोखंडी सळई गॅसवर लाल केली आणि भोक पाडायला बसले. कारागीर ड्रिल वापरत नाहीत, तापलेल्या सळईने जाळत भोक पाडतात. चीर जात नाही आणि काठही गुळगुळीत होतो, हे मला ठाऊक होतं. सळई आत गेली, गेली, आणि पोकळी काही लागेना. दीड तासाने घरभर धूर, शेजारी दारात, आणि माझ्या हातात सहा काळे खड्डे पडलेला दांडा. ती काठी आजही आमच्या गॅलरीत आहे. उंचावरच्या दोरीवर कपडे टाकायला वापरते.

दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत 'तुतारी' आणि 'पिपाणी' यांवरून एवढा गोंधळ झाला. भाषेच्या दृष्टीने नक्की चूक कुणाची? ट्रम्पेटला मराठीत काय म्हणायचं?
— निवृत्त बँक कर्मचारी, कळवा

राजकारण तुमचं तुम्ही बघा, मी शब्दापुरतं बोलते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच वेळी काही अपक्षांना ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं आणि त्याचं मराठी नाव छापलं गेलं 'तुतारी'. इंग्रजी-मराठी कोश उघडला तर ट्रम्पेटपुढे तुतारी सापडते, म्हणून भाषांतर करणाऱ्याला फाशी देता येणार नाही. लोकांनी त्या चित्राला 'पिपाणी' म्हणायला सुरुवात केली. पुढे विधानसभेला त्या चिन्हाचं नाव मराठीतही 'ट्रम्पेट' असं ठेवलं गेलं, ते उत्तम झालं.

आता किल्ली लावू या. पाडव्याच्या स्वागतयात्रेत ठाण्यातल्या तलावपाळीवर तुतारीवाला उभा असतो, त्याच्या अगदी जवळ जाऊन बघा. तुतारीत पत्ती, म्हणजे फुंकीने थरथरणारी पातळ पट्टी, नाही आणि बोटांची भोकंही नाहीत. तो ओठ घट्ट मिटून धातूच्या वाटीसारख्या तोंडावर दाबतो आणि त्यांतून हवा अशी काढतो की ओठच थरथरतात. आवाज त्या थरथरीचा. नळी तो वाढवते. वाजवून खाली घेतली की ओठांवर लालबुंद गोल वळ उठलेला दिसतो. एका नळीतून निसर्गाने दिलेले मोजकेच स्वर निघतात, म्हणून तुतारीवर ललकारी होते, गाणं होत नाही. शिंग, कर्णा आणि शंख ही तिचीच भावंडं. ट्रम्पेटही त्याच घरातलं, ओठ तसेच थरथरतात. पण त्याला तीन खटके असतात. खटका दाबला की नळीची लांबी बदलते आणि मधले सगळे स्वर हाती येतात. तेव्हा ट्रम्पेट ही शिकलेली तुतारी.

पिपाणी मात्र या घरातली नव्हेच. पिपाणीला पत्ती लागते. लहानपणी पिंपळाचं कोवळं पान गुंडाळून त्याचं टोक दातांत जरा चेपून वाजवायचो, ती पिपाणी. ओठ गप्प, पान थरथरतं. ट्रम्पेटला पिपाणी म्हटलेलं ऐकलं असतं तर आमच्या बाबांच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्या काकांनी जेवण सोडलं असतं.

कर्ण्यावरून आठवलं. लाऊडस्पीकरला जुनी माणसं कर्णा म्हणतात ते त्याच्या फाकलेल्या तोंडावरून. आणि भोंगा आला कारखान्यांतून. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या पाळीच्या भोंग्यावर आमच्या घरातली चहाची वेळ ठरायची.

केशवसुतांची 'तुतारी' १८९३ सालची. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालयही १८९३ चंच. या योगायोगाचा अर्थ काही नाही, मला सांगावासा वाटला एवढंच.

शहाचा नाई म्हणजे न्हावी हे वाद्य वाजवायचा म्हणून त्याला शहनाई म्हणतात, असा मेसेज फिरतो आहे. खरं का?
— वाचक, घोडबंदर रोड

नाही. गोष्ट चांगली आहे, पण ती हिंदी कानांनी रचलेली आहे. हिंदीतला नाई आणि मराठीतला न्हावी हे दोघं संस्कृत 'नापित'चे वंशज. शहनाईतला 'नाय' फारसी आहे आणि त्याचा अर्थ बोरू, पोकळ नळी, बोरूची बासरी. इराणात 'नय' नावाची बासरी आजही वाजते. शहा तेवढा राजाचा. म्हणजे राजेशाही नळी. दरबारात केशकर्तनाचा काही संबंध नाही. मराठीने शहाचा नुसता 'स' ठेवला, उरली ती सनई.

बोरू हा शब्द आपण लेखणीपुरता ठेवला आणि पुढे बोरूबहाद्दर म्हणून त्याची टिंगल केली. पण बाबांच्या क्लॅरिनेटची पत्तीही बोरूचीच असायची. क्लॅरिनेटला एक पत्ती, सनईला दुहेरी. ती कोरडी असली तर बोलत नाही. त्यामुळे वरात निघायच्या आधी अर्धा तास बाबा पत्ती गालात धरून बसायचे. कुणी काही विचारलं तर "हं" किंवा "अंहं". सुपारीचे आगाऊ पैसे मिळाले का, मानधन किती ठरलं, हे सगळं आई त्या 'हं'वरून ओळखायची. चांगल्या लागलेल्या पत्त्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत असत आणि त्या डबीला हात लावायची आम्हां भावंडांना बंदी होती. एका लग्नात यजमानांनी रात्री साडेअकरापर्यंत वाजवून घेतलं आणि पैसे देताना निम्मेच काढले. बाबा भांडले नाहीत. घरी येऊन पत्ती सोडली, पुसली, डबीत ठेवली आणि म्हणाले, "पत्ती शाबूत आहे."

एक पुरवणी. सनईच्या धाकट्या रूपाला सुंदरी म्हणतात, आणि तिच्यासाठी सोलापूरकडे बघावं लागतं. सनईवाल्याशेजारी जो एकच स्वर धरून बसतो, तो 'सूर' देतो. सोपं वाटतं. गाल फुगवून त्यात हवा साठवायची आणि ती तोंडातून सोडत असतानाच नाकाने श्वास आत घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. पेल्यात पाणी आणि त्यात स्ट्रॉ घेऊन बुडबुडे न थांबवता श्वास घेऊन बघा, मग कळेल.

'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली' — गाजराची पुंगी खरंच वाजते का? आणि वारली लोकांचा तारपा म्हणजे मोठी पुंगीच ना?
— विद्यार्थिनी, नेरुळ

गाजर पोखरून नळी केली तर वाजतं. मी केलं आहे. आवाजापेक्षा कोशिंबीर बरी झाली.

म्हणीतला मुद्दा असा की प्रयत्न फसला तरी नुकसान नाही. पुंगी हा शब्द मुळात नळीशी बांधलेला आहे, कागदाच्या गुंडाळीला पुंगळी म्हणतो तसा. गारुड्याच्या पुंगीत मात्र एक सुकलेला भोपळा आणि दोन नळ्या असतात. एका नळीवर बोटं चालतात, दुसरी नुसता सूर धरते. पत्त्या भोपळ्याच्या पोटात लपलेल्या. ओठ पत्तीला लागतच नाहीत, ते भोपळ्याच्या मानेला लागतात. नागाचं म्हणाल तर त्याला बाहेरचे कान नाहीत. तो डोलतो ते पुंगीच्या हालचालीवर.

दुसऱ्या प्रश्नाला तुझा अंदाज चांगला आहे. तारप्यातही भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि आत पत्त्या. सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवलेले. फरक पडतो तो पुढच्या टोकाला. ताडाची पानं गुंडाळत नेऊन केलेलं लांब, फाकत जाणारं शिंग. तारपा उचलला की माणसाच्या छातीपासून खाली पार गुडघ्यापर्यंत जातो. आवाज जाडा, घोगरा, रानात लांब जाणारा. तो मधोमध वाजतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. वारली चित्रातलं ते गोल गोल वेटोळं म्हणजे हाच नाच; जिव्या सोमा मशे यांची चित्रं मिळाली तर भिंग घेऊन मधला वादक शोध. पूर्वी आम्ही शाळेत 'ठाणे जिल्ह्याचं वाद्य' म्हणून तारपा शिकवायचो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तारप्याचा मोठा मुलूख तिकडे गेला. धडा मात्र काही वर्षं तसाच शिकवला, तो माझ्याकडूनच.

बाजाची पेटी सुषिर वाद्य आहे का? तिला कुणी फुंकत नाही.
— वाचक, नौपाडा

आहे. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तारांची ती तत, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध, ठोकायची ती घन, आणि छिद्रांतून वाऱ्याने बोलणारी ती सुषिर. सुषिर म्हणजे भोक असलेलं, पोकळ. पेटीत धातूच्या पत्त्या आहेत आणि वारा भाता देतो. माझा ओठांचा नियम इथे पडतो, कबूल. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं, पण ते ओठ नसल्यामुळे नव्हे. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड तिला येत नाही म्हणून.

मी माहेरची गुजराती. घरात म्हटलं, "शेजारी कुणीतरी छान बासरी फुंकतंय," तर सासूबाई हसू लागल्या. माझं काय चुकलं?
— वाशी

व्याकरणात काही चुकलं नाही, सासूबाईंना सांगा. चुकली ती जोडी. मराठीत तुतारी फुंकतात, शंख फुंकतात, निवडणुका आल्या की वर्तमानपत्रं रणशिंग फुंकतात. ज्यातून एक ललकारी, एक इशारा निघतो ते फुंकायचं. ज्यातून गाणं निघतं ते वाजवायचं: बासरी, सनई, क्लॅरिनेट. कारण सरळ आहे, तिथे फुंकीपेक्षा बोटांचं काम जास्त. शिवाय फुंकण्याला बाकीचे उद्योगही बरेच चिकटले आहेत. विडी फुंकतात, बापाची इस्टेट फुंकून टाकतात, दुसऱ्याचे कान फुंकतात. त्या संगतीत बासरी आली की हसू येतं.

पण फुंकर वेगळी, ती लक्षात ठेवा. फुंकर घालायची असते, मारायची ती फूक. गरम चहावर फूक मारतो आणि पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालतो. आमच्या आजीकडे चुलीशी लोखंडी फुंकणी होती, हातभर लांब, दोन्हीकडून उघडी. आम्ही तिच्यातून एकमेकांच्या कानात ओरडायचो. आणि 'शंख करणे' म्हणजे शंख वाजवणे असं समजू नका. पोरगं शंख करतंय म्हणजे ते भोकाड पसरून रडतंय.

बासरीला तेल कोणतं लावावं?
— वाचक, ठाणे पूर्व

हा स्तंभ शब्दांचा आहे हो. तरी सांगते, मोहरीचं किंवा बदामाचं, अगदी थोडं, दोऱ्याला बांधलेल्या फडक्याने आतून फिरवून. आणि एसीच्या झोतात ठेवू नका. माझी काळी चारची (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराची) बासरी ऐन मे महिन्यात एसी लावलेल्या खोलीत रात्रभर राहिली आणि सकाळी तिला टोकापासून तिसऱ्या भोकापर्यंत चीर गेलेली होती. गुरुजींनी चिरेवर फेव्हिकॉल भरून वरून रेशमी दोरा घट्ट गुंडाळला. वाजते. पण 'प' जरा चढा लागतो.